लाईनीवरचा तिसरा माणूस

शब्बीरभाई गेल्याचं मला बारामतीत कळलं, तेही दफन उरकल्यावर. इंदापूरहून त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. माझा नंबर उशिरा सापडला म्हणाले. मी फोन ठेवला आणि सूनबाईला काही न सांगता गॅलरीत जाऊन बसलो. सांगणार तरी काय... तिने त्यांना कधी पाहिलेलंच नव्हतं.

इंदापुरात आम्ही दोघं वीस वर्षं शेजारशेजारच्या गल्ल्यांत राहिलो. मी शाळेत क्लार्क, ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. मूळचे बावड्याचे. ट्रंक कॉल हाताने जोडून देण्याच्या काळात नोकरीला लागले. सगळ्या तालुक्याची लग्नं, आजारपणं, भांडणं त्यांच्या हातातल्या वायरींमधून गेली, पण त्यातलं अक्षरही कधी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही. लाईन जोडली की आपला कान काढून घ्यायचा, एवढंच म्हणत.

जैनबभाभी गेल्या तेव्हा त्यांची मुलगी शाहीन मस्कतहून आली. ती कॉम्प्युटरमधली. आईचे फोटो आणि स्वयंपाकघरात कधीतरी रेकॉर्ड केलेलं आईचं बोलणं तिने पासवर्ड लावून एका वेबसाइटवर ठेवलं आणि वडिलांना कॉम्प्युटर घेऊन दिला. दुपारच्या नमाजानंतर शब्बीरभाई रोज अर्धा तास ते ऐकत.

एके दिवशी ते माझ्याकडे आले, पडद्यावरचं वाक्य कागदावर उतरवून घेऊन. ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही.’ वर लाल त्रिकोण होता म्हणाले, आणि खाली, कुणीतरी तुमची माहिती चोरू पाहत असेल, असं काहीसं. मी हसलो. बिल भरताना, नातवाचा निकाल बघताना असलं पान माझ्यापुढं कितीदा आलं होतं. कुणी त्याला व्हायरस म्हणतं, कुणी नेटचा घोटाळा, आणि सगळेच खालचं ‘पुढे जा’ दाबून मोकळे होतात. शब्बीरभाईंनी मात्र ते वाचलं होतं, आणि त्यांच्या लेखी त्याचा अर्थ सरळ होता. लाईनीवर तिसरा माणूस आहे.

त्यांच्या घरी जाऊन मीच ते दाबलं. भाभींचा आवाज आला; मीठ आणायला विसरले म्हणून शब्बीरभाईंना रागवत होत्या.

“बंद करा, तात्या,” ते म्हणाले. “हे आमच्या घरातलं हाय.”

तुमच्या मिठाचं कोण ऐकायला बसलंय, असं मी म्हणालो. त्यांनी उठून स्वतःच बटण बंद केलं.

पुढे चार महिने त्यांनी कॉम्प्युटर लावला नाही. त्यावर टॉवेल टाकलेला असे. शाहीनलाही कळवलं नाही. आपल्या हातून आईचं बोलणं उघड्यावर पडलं असं पोरीला वाटेल, याची त्यांना धास्ती. दुपारी गेलो की ते नुसते भिंतीकडे बघत बसलेले. शेवटी मला राहवलं नाही, मीच शाहीनला फोन केला. ती रडायलाच लागली. आईचा आवाज सोसवत नाही म्हणून तिने स्वतः ते पान कधी उघडलंच नव्हतं. मग तिने बघून सांगितलं, वेबसाइटचं ओळखपत्र असतं, त्याची मुदत संपली होती. कुणी ऐकत वगैरे नव्हतं. मुदतीचं ते खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं म्हणे. मी न वाचताच दाबलं होतं.

तिने तासाभरात ते नीट केलं. मी जाऊन टॉवेल काढला, पान उघडून दिलं. लाल काही नव्हतं. शब्बीरभाई खुर्चीत बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तात्या, तुमी जरा भाईर बसता का?”

मी पायरीवर जाऊन बसलो. लोटलेल्या दारामागून भाभींचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. थोड्या वेळाने मधूनमधून शब्बीरभाईही बोलू लागले... तेव्हा मी उठून पार रस्त्यापर्यंत गेलो.

मग मी मुलाकडे बारामतीला आलो. रविवारी सकाळी त्यांचा फोन येई. ठेवण्याआधी ते हमखास विचारत, “बोलणं झालं का?” एक्स्चेंजमधली सवय, समोरच्याने होकार दिल्याशिवाय लाईन तोडायची नाही. आता रविवारी मी फोन जवळ घेऊन बसतो. इतरांचे येतात, कामापुरते, आणि बोलता बोलता बंद होतात.

शेवटच्या रविवारीही त्यांनी विचारलं होतं. सूनबाई नाश्त्याला हाक मारत होती. मी म्हणालो, झालं. ते क्षणभर थांबले... आणि मग त्यांनी फोन ठेवला.