शेवटचं प्रकरण

थोरली बहीण गेली, त्या दिवशी कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं होतं. हळद शिजल्याचा वास आला की मला ते आठवतं. बहीण विधवा होती, आणि कादंबरीतली विधवा पुन्हा लग्नाला उभी राहिली होती. कुरुंद्यात असलं पुस्तक कुणी घरात येऊ दिलं नसतं, म्हणून हिंगोलीच्या शाळेतून आणलेलं ते पुस्तक मी पोथीच्या लाल फडक्यात बांधून ठेवायचो आणि दुपारी तिला वाचून दाखवायचो. कानानं अधू आत्या दाराशी हात जोडून बसे. बहीण गेल्याच्या दहाव्या दिवशी आत्या म्हणाली, “अर्धी ठेवू नको, लेकरा. तिचा जीव अडकंल.” मी तिच्या कानाशी सांगितलं, “आत्या, ती पोथी न्हाई.” “ऐकू न्हाई आलं तरी दिसत व्हतं मला. पोथी ऐकून कोणी तसं लाजतं व्हय? वाच.” बहीण गेली त्या जागी पीठ पसरून टोपलीखाली दिवा ठेवला होता, गेलेल्याची खूण त्या पिठात उमटते म्हणतात. मी वाचत गेलो. नायिकेला हळद लागली आणि पुस्तक संपलं. आत्यानं टोपली उचलली. पिठावर एका बोटाचा पिवळा ठसा होता. आत्यानं आपले स्वच्छ तळवे माझ्यापुढे धरले. आता आत्याही नाही. पुस्तक त्याच फडक्यात माझ्याजवळ आहे.