ताईंच्या कानातला प्रोग्रॅम

पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात अकरा वर्षं माझ्या शेजारी ताई बसतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. उजव्या कानाला तक्रारदाराचा फोन, डाव्या कानात पडद्यावरचा मजकूर वाचणारा प्रोग्रॅम. त्याचा वेग असा, की एकदा मी ते हेडफोन लावले आणि मशीन बिघडलं म्हणून सांगायला धावलो. ताई पोट धरून हसल्या. "अहो, आज तर मुद्दाम सावकाश ठेवलंय!"

मग ऑफिसात तक्रारींसाठी नवी यंत्रणा आली. तिच्या एकाही बटणाला नाव नव्हतं, नुसती चित्रं. ऑफिसने विकत घेतलेला वाचणारा प्रोग्रॅम ताईंना एवढंच सांगायचा, "बटण. बटण. बटण." कंपनीला कळवलं, तर उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू. साहेब गोड आवाजात म्हणाले, "ताई, तुम्हाला रेकॉर्ड विभागात बसवतो. आराम करा." तिथे सगळे कागदच. म्हणजे खुर्ची मिळणार, काम नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ताई शांतपणे म्हणाल्या, "दोन आठवडे द्या, साहेब. मी पडदा वाचणारा दुसरा प्रोग्रॅम बसवते, मोफत मिळणारा."

"फुकटचं ते काय चालणार?"

"त्याचा कोड सगळ्यांना खुला असतो. अडलं तर कुणाच्या पाया पडायला नको. आपणच दुरुस्त करायचं."

सेहेचाळिसाव्या वर्षी बाई घरी बसून प्रोग्रॅमिंग शिकल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं! जेवणाच्या सुट्टीत मी एकेका चित्राचं वर्णन करायचो, त्या नाव जोडायच्या. पहिल्या खेपेला चांगलीच फजिती झाली. त्यांनी बटणं ओळीने मोजून नावं दिली होती, आणि तातडीची तक्रार आली की पडद्यावर एक बटण जास्तीचं उगवायचं. मग 'टँकर पाठवा' ऐकून दाबलं, ते निघालं 'तक्रार बंद'. नशीब, सरावाची तक्रार होती. दुसऱ्या दिवशी सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. आता मोजणी नाही, यंत्रणेच्या कोडमध्ये प्रत्येक बटणाला जी न बदलणारी खूण असते, तिच्यावरून नाव.

दोन आठवड्यांनी चाचणीला साहेब घड्याळ घेऊन मागे उभे राहिले. तासाभरात माझ्या तक्रारी एकोणीस, ताईंच्या सव्वीस, आणि चूक एकही नाही. मी सपशेल हरलो आणि मला नाचावंसं वाटलं. साहेबांनी घसा साफ केला. "बसा इथेच."

ताईंनी ती दुरुस्ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवली, खाली कक्षाचा नंबर देऊन. महिन्याभराने एक फोन आला. ताईंनी मला खूण करून तो स्पीकरवर टाकला.

"दुसऱ्या शहरातून बोलतोय. मलाही दिसत नाही. आमच्याकडेही हीच यंत्रणा आली आणि मला घरी बसवलं. काल ऑफिसात जाऊन तुमची दुरुस्ती घातली. आज कामावर आलोय."

दिवसाला दोनशे लोकांशी बोलणाऱ्या ताईंचे गाल ओले झाले. मग त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला.

"बरं, आता सांगा. अजून कुठे अडतंय?"