खाप्याच्या घरातली बंद खोली

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न खापा गावी ठरणार की तिथेच मोडणार, हे त्या दिवशी परतीची बस सुटायच्या आत कळायचं होतं. आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि दोन्हीकडे कारण एकच: मुलगा फार बोलतो. म्हणून शहरातल्या नंदनवन वस्तीतल्या माझ्या खोलीवरून निघतानाच मामानं बजावलं, "विचारलं तेवढंच बोल गा. बाकी तोंडाले कुलूप."

कुलूप म्हणून मी हातात पुस्तक घेतलं. वाचनालयातून आणलेली रहस्यकादंबरी. डोंगरावरची हवेली, देखणा विधुर, त्याच्या प्रेमात पडून लग्न करून आलेली गरीब मुलगी, घुमी स्वयंपाकीण आणि एक बंद खोली. पहिल्या बायकोचा खून त्याच खोलीत झालेला. अमावास्येला आतून ठोके ऐकू यायचे, दाराखालून रक्त झिरपायचं आणि सकाळी फरशी कोरडी असायची. मुलगी बघायला जाताना असलं पुस्तक कोणी नेतं का? मी नेलं. बसमध्ये शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचलोसुद्धा.

बघण्याचा कार्यक्रम बरा झाला. मुलगी शाळेत शिकवायची. पोहे देताना तिची नजर पुस्तकावर गेली. हळूच म्हणाली, "कुठवर आली कादंबरी?"

"शेवटचं प्रकरण राहिलंय."

"मी वाचलीय," ती म्हणाली आणि गालात हसली.

विचारलं तेवढंच बोललो होतो. मामा खूश.

जेवणं झाल्यावर तिचे वडील मामाला संत्र्याची बाग दाखवायला घेऊन गेले. पोरीचं मन विचारून संध्याकाळी सांगतो म्हणाले. बैठकीत मी एकटा. पुस्तक उघडलं. नवी नवरी मेणबत्ती घेऊन बंद खोलीपुढे उभी राहिली, तिनं दाराला कान लावला आणि...

धप्.

कादंबरीत नाही, घरात.

मघाशी उघडं असलेलं मधलं दार आता आतून लावलेलं होतं. पलीकडे पुन्हा धप्, धप्. मग कुजबूज. मी खोकलो, तर ठोके एकदम थांबले. गप्प बसलो, तर पुन्हा सुरू. म्हणजे आत जे चाललं होतं ते माझा कानोसा घेऊन चाललं होतं! आपण कचेरीतले कारकून आहोत, भरदिवसा असं काही होत नसतं, असं मी स्वतःला समजावत होतो. तेवढ्यात दाराखालून लाल पाण्याचा ओघळ आला आणि सावकाश माझ्या पायांकडे सरकू लागला.

कारकुनाचा धीर तिथे संपला. "कोण आहे आत?" असं ओरडत मी दाराला खांद्यानं धडक दिली. कडी जुनी निघाली. दार उघडलं आणि मी आत पालथा पडलो.

समोर मुलगी, मनगटांपर्यंत लाल हात. शेजारी तिची आई, हातात बत्ता, पुढ्यात खलात शेंगदाणे. परातीत उकडलेलं बीट आणि कलंडलेलं पातेलं.

"अवं माय! लागलं काय जी?" आई म्हणाली.

"रक्त..." मी म्हणालो.

मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बैठकीत पडलेल्या पुस्तकाकडे. हसली नाही. "भुलाबाईचा खाऊ आहे. बिटाच्या वड्या. आज कोणालाच ओळखू द्यायचा नाही. बाहेर बोललात तर बघा."

भुलाबाई म्हणजे आमच्याकडचा भोंडला. गाणी झाली की बंद डबा हलवून आतला खाऊ ओळखायला लावतात आणि कोणाला ओळखता आला नाही तर त्या घराची शान. बहिणींच्या मागे फिरून लहानपणी मी असे कितीतरी खाऊ खाल्ले होते. पण डोक्यात हवेली शिरल्यावर भुलाबाई कुठली आठवायला?

संध्याकाळी अंगणात पोरी जमल्या. आम्ही पुरुष ओसरीवर. गाणी संपली आणि तिनं डबा खुळखुळवला.

"चिवडा!"

"नाही."

"करंजी!"

"नाही. हरलो म्हणा!"

पोरी रडकुंडीला आल्या. माझ्या जिभेवर मात्र उत्तर येऊन बसलं होतं. मी ओठ आवळले, मांडीला चिमटा काढला. डबा ओसरीजवळून गेला आणि अंगणात आवाज घुमला, "बीट!"

आवाज माझा होता.

पोरींनी टाळ्या पिटल्या. तिनं डबा खाली ठेवला आणि ती आत गेली. वडील तिच्या मागोमाग.

"काहून बोलला गा?" मामा दातओठ खात पुटपुटला. "तुले कोणी विचारलं होतं काय?"

बसची वेळ होत आली. दार पुन्हा बंद, पलीकडे पुन्हा कुजबूज. या वेळी आत खरंच भूत निघालं असतं तर मी त्याचे आभार मानले असते.

वडील बाहेर आले, चेहरा गंभीर. "पोरगी म्हणते, पाहुण्याले आधी हे सांगा. खून स्वयंपाकिणीनं केला. मले त काही समजलं नाही."

मला समजलं. बिटाचा सूड होता तो, माझ्या कादंबरीचा शेवट फोडून घेतलेला.

"आन दुसरं काही?" मामानं घाबरतच विचारलं.

"म्हणते, त्या हवेलीवाल्यानं बायकोपासून सारं पोटात ठेवलं म्हणून तिथं सारं झालं. या पाहुण्याच्या पोटात संध्याकाळपर्यंत बीटबी राहत नाही. अशा माणसाच्या घरी काही लपून राहणार नाही म्हणते. होकार आहे तिचा."

परतीच्या बसमध्ये, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, मी उरलेली पानं वाचली. स्वयंपाकिणीनं काहीच केलं नव्हतं. खुनी मला शेवटच्या पानावर भेटला, आणि मी बसल्या जागी दचकलो. माझ्या डब्यातला खाऊ तिनं मला शेवटपर्यंत ओळखू दिला नव्हता.