पळवून कोणी कोणाला नेलं?

ती फिर्याद मला अजून जशीच्या तशी आठवते, कारण तिच्यातलं जवळजवळ काहीच पुढे खरं निघालं नाही. परभणी जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात तेव्हा मी पोलीस निरीक्षक होतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथे नळाच्या जोडणीपासून जन्माच्या दाखल्यापर्यंत सगळं नगराध्यक्षांच्या मर्जीने चाले. त्या दुपारी ते स्वतः ठाण्यात आले.

"नगरपालिकेच्या इंजिनिअरनं माझी पोरगी पळवली. माझीच गाडी नेली. घरातलं सोनं बॅगेत भरून नेलंय, ते बी लिहा."

मुलगी सज्ञान, शिकलेली. दुसऱ्या दिवशी तिचा साखरपुडा होता, गावातल्या सगळ्यात मोठ्या ठेकेदाराच्या मुलाशी. इंजिनिअर पेडगावच्या एका शिक्षकाचा मुलगा, नोकरीला नवीन. त्याला मी पाहिलं होतं. सायकलवरसुद्धा हेल्मेट घालणारा माणूस. तो कोणाला पळवेल हे मला पटेना. पण फिर्याद आली की नोंद करावी लागते. केली.

आमच्या एका हवालदाराचा मेहुणा चुडावा स्टेशनवर चहा विकायचा. संध्याकाळच्या आत त्याचा फोन आला. "दाजी, हितं एक पोरगं अन् पोरगी लय भांडायलेत. नांदेडची गाडी समोरून गेली, तरी ह्यांचं चालूच हाय."

पळून जाणारी जोडपी मी बरीच पाहिली होती. ती कोपऱ्यात गुपचूप बसतात. गाडी चुकेपर्यंत भांडणारी जोडी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिथल्या पोलिसांना कळवून, महिला शिपाई सोबत घेऊन मी निघालो. दोघं फलाटावरच होते. बॅगेचा एक बंद त्याच्या हातात, दुसरा तिच्या. सोडायला कोणी तयार नव्हतं.

ठाण्यात आणून दोघांना वेगवेगळं बसवलं.

"साहेब, पळवून मला आणलंय," इंजिनिअर म्हणाला. "गाडीत बसा, एक वस्तू दाखवते म्हणाल्या. बसलो, तर गाडी सुरूच केली. दार आतून उघडेना."

मी हे तिला विचारलं. "बिघडलंय ते दार," ती म्हणाली. "दुसऱ्या बाजूनं उतरायचं ना! वाटेत डिझेल संपलं तवा उतरले की बरोबर."

नांदेडला कशाला निघाले होते, ते मात्र कोणीच सांगेना. बॅगेचं नाव काढलं की दोघंही गप्प. मध्येच त्याने मला विचारलं, "त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. काही मिळेल का?" तिने विचारलं, "त्यांना मारणार तर नाही ना तुमी?" नाही म्हणालो, तरी तिने पुन्हा विचारलं.

मुलगी सापडल्याचा निरोप दिला होताच. नगराध्यक्षांचा फोन आला. "पोरीला घरी धाडा. अन् बॅग उघडू नका, तशीच पाठवा."

मी कान टवकारले. सोनं चोरीला गेलेला माणूस आधी ते जागेवर आहे का हे बघायला सांगतो. न उघडता परत मागणारा मला तोवर भेटला नव्हता. मी दोन पंच बोलावले आणि त्यांच्यासमोर बॅग उघडली. आत जुन्या साडीत गुंडाळलेली काँक्रीटची ढेकळं होती. हवालदाराने एक अंगठ्याने दाबलं. त्याची वाळू झाली.

मग दोघं एकदमच बोलायला लागले. गावात त्याच ठेकेदाराने पाण्याची नवी टाकी बांधली होती, खाली अंगणवाडी भरत होती. उद्घाटनासाठी टाकी भरायची ठरली होती आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर हा सही करत नव्हता. वडिलांच्या कामात खोडा घालतो म्हणून ती त्याच्याशी भांडायला कचेरीत गेली. तो तिला सरळ टाकीपाशी घेऊन गेला. तिने गाडीच्या किल्लीने खांब खरवडला, तर किल्ली आतच गेली. तिने तिथल्या तिथे तुकडे काढून बॅगेत भरले, तेही ठेकेदाराच्या राखणदारासमोर. नांदेडच्या प्रयोगशाळेत आजच तपासून घेऊ, असा तिचा हट्ट. आधी रीतसर परवानगी घेऊ, असा त्याचा.

"परवानगी कोणाची घेणार होतात?" मी विचारलं.

"आप्पांची!" ती ओरडली. "माझ्या आप्पांची परवानगी मागायले होते हे!"

तेवढ्यात नगराध्यक्ष आत आले. "बॅग कुठाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"आप्पा, मी हितं उभी हाय," ती म्हणाली.

ते खुर्ची ओढून बसले आणि टेबलावरच्या ढेकळांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी फिर्याद मागं घेतो."

"बॅग तुमच्याच फिर्यादीत आहे," मी म्हणालो. "मुद्देमाल जप्त झाला, पंचनामा झाला. आता ते माझ्याही हातात नाही."

मुलीने स्वखुशीने गेल्याचा जबाब दिला. नमुने सीलबंद होऊन तपासणीला गेले, माझा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात गेला. टाकीत पाणी चढलंच नाही. पुढे ती पाडली. ठेकेदारावर आणि नगराध्यक्षांवर गुन्हा दाखल झाला, आणि माझी परभणीला कार्यालयीन कामावर बदली झाली.

तिथे एक दिवस ते दोघं भांडतच आत आले. नोंदणी विवाहाला साक्षीदार हवा होता.

"प्रेम कधी जमलं?" मी विचारलं.

"कुणी सांगितलं प्रेम हाय म्हणून?" ती म्हणाली.

"मला वाटलं होतं, आहे," तो हळूच म्हणाला. त्यावर तिला इतकं हसू आलं की शेजारच्या खोलीतले कारकून डोकावून गेले.

मी सही केली. जामिनावर असलेले नगराध्यक्ष त्यानंतर एकदा माझ्याकडे आले. खटल्याबद्दल काहीतरी विचारतील म्हणून मी सावध बसलो होतो. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "पोरगी कशी हाय?" मी तिला फोन लावला, ती हो म्हणाली तेव्हा तो त्यांच्या हातात दिला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

त्या प्रकरणाआधी जबाब घेताना सगळे प्रश्न मी विचारत असे. विचारलेल्याला माणूस तयारीने उत्तर देतो. स्वतः काही विचारतो तेव्हा तेवढी तयारी नसते. त्यानंतर मी समोरच्याला पाणी देऊन थोडा वेळ गप्प बसू लागलो, आणि तो आधी कोणाबद्दल विचारतो याची वाट बघू लागलो.