सत्काराची शाल

मला सभा आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं बोर्डीच्या वाड्यांमध्ये चिकूची कलमं बांधली. झाड टाळ्या मागत नाही, आणि आपलं काम चुकलं तर महिन्याभरात वाळून दाखवतं. सभेत चुकणाऱ्यालाही नारळ मिळतो.

तरी गेलो. ज्या वाडीत मी कामाला, तिचे शेठ डहाणूतल्या त्या चर्चेच्या आयोजकांत होते. विषय काय, तर पिकांची आणि माणसांची जनुकं बदलावीत की नाही. शेठ म्हणाले, "अरे, तू स्टेजवर कलम बांधून दाखव. लोकांना कळू दे, आपल्या बापजाद्यांनी निसर्गाला न दुखवता कसं काम केलं." मग जाता जाता म्हणाले, "आणि पोरीलाही आण. तिला तो रक्ताचा आजार आहे ना? डॉक्टर मंडळींना एक पेशंट हवाय बोलायला."

एक पेशंट हवाय. बाजारातून जुडीभर मेथी आणायला सांगावी तसं. मी तोंडावर नाही म्हणणार होतो, पण घरी तलासरीला येऊन विषय काढला तर पोरगी ताडकन उठून बसली. "मला बोलायला देणार? माईकवर?" तिचे डोळे बघितले आणि माझा नकार घशातच राहिला.

ती अकरावीत आहे. तिला सिकलसेल आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडं अशी ठणकतात की धडधाकट माणूस भिंतीवर डोकं आपटेल. थंडी लागली की हमखास. आमच्याकडे हा आजार घरोघरी नसला तरी पाड्यागणिक आहे. आईबाप दोघांच्या रक्तात अर्धा अर्धा दोष असला, तर त्यांना स्वतःला काही होत नाही, पोर मात्र भोगू शकतं.

आता माझी अक्कल ऐका. कलमाला काडी घेण्याआधी मी आईझाड दोन हंगाम बघतो. फळ कसं, खोडाला भोक आहे का, पान पिवळं पडतं का. लग्नाआधी आमच्या पाड्यावर दवाखान्याची माणसं रक्त तपासायला आली होती. मला अर्ध्या दोषाचं कार्ड मिळालं, ते मी कौलाखाली खोचलं. बायकोला तिच्या पाड्यावर तसंच मिळालं, तिनं पेटीत टाकलं. लग्नात देणंघेणं बघितलं, मानपान बघितला, ताडी कुणी आणायची यावर भांडणसुद्धा झालं. कार्ड तेवढं कुणी बघितलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तर पोरीनं भाषण लिहिलं. दोन मिनिटांचं. मोबाईलवर वेळ लावून आठवडाभर ती गोठ्यामागे जाऊन पाठ करायची. मी म्हटलं, दाखव तरी. "तिथंच ऐका, बाबा," म्हणाली.

एप्रिलचं ऊन होतं. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आणि आत हॉलमध्ये एसी असा, की दारातून शिरताच माझ्या दातांना कळ लागली. मी स्विचपाशी उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं, दादा, जरा कमी करा, मुलीला थंडी चालत नाही. तो म्हणाला, "पाहुण्यांना उकडतंय."

आधी सत्कार झाला. पाच पाहुणे, पाच शाली, पाच नारळ. ज्याच्या त्याच्या मांडीवर शालीची घडी तशीच. टेबलावर आणखी दोन उरल्या होत्या. पोरगी पहिल्या रांगेत ओढणी गळ्याभोवती गुंडाळून बसली होती. मी कमिटीतल्या बाईंना विचारलं, ताई, त्यातली एक हिला पांघरायला द्याल का, घटकाभर? त्या दचकल्याच. "अहो, त्या सत्काराच्या आहेत!"

मग चर्चा. शेठ उठले आणि कडाडले, "आमच्या मातीत परकं काही मिसळू देणार नाही!" टाळ्या. मी स्टेजच्या कडेला कलम घेऊन उभा. चिकूची काडी, खाली रायणीचा, म्हणजे आपल्या रानातल्या दुसऱ्याच झाडाचा, खुंट. शेठच्या वाडीतलं एक झाड दाखवा जे रायणीच्या पायावर उभं नाही, आणि चिकू तरी कुठला, तो सातासमुद्रापलीकडून आलेला! पाहुण्यांतले डॉक्टर समजावून सांगत होते की कलम बांधणं वेगळं आणि जनुक बदलणं वेगळं. ते खरंच आहे. एवढं मलाही कळतं. डॉक्टर म्हणाले, परदेशात आता सिकलसेलवर उपचार निघालाय, माणसाच्याच पेशी काढून, दुरुस्त करून परत घालतात. तेव्हा पोरीनं मान वर केली. मग एक बाई बियाण्यावर बोलल्या. दरवर्षी कंपनीच्या दारात जायची वेळ आणू नका, म्हणाल्या. तेही पटलं. माझी बायको घरच्या भाताचं बी पोटच्या पोरासारखं जपते. मला दोघांचंही पटत होतं, हीच तर पंचाईत. त्यांना मात्र एकमेकांचं अक्षरसुद्धा पटत नव्हतं.

पोरीचं नाव तीनदा पुढे ढकललं. आधी एक पाहुणे गाडी गाठायची म्हणून घुसले, मग दुसऱ्यांना त्यांना उत्तर द्यायचं होतं, मग पहिल्यांची गाडी चुकली तरी चालेल असं ठरलं. मी बघितलं, तर तिनं गुडघे दोन्ही हातांनी आवळून धरले होते. ओठ पांढरे.

"चल बाय, घरी जाऊ."

"नाही. माझं नाव आहे पुढे."

शेवटी नाव पुकारलं. ती उठली, आणि खुर्चीच्या पाठीला धरून तिथंच खाली बसली. किंचाळली. त्या आवाजानं हॉल गप्प झाला, पण किती वेळ? डॉक्टर माईकमध्ये म्हणाले, "बघा, याच वेदनेसाठी आम्ही झगडतोय!" पलीकडून शेठ ओरडले, "गरिबाच्या दुःखाचं भांडवल करू नका!" माझी पोर फरशीवर, आणि हे तिच्या डोक्यावरून भांडतायत. माझा तोल गेला. "अरे, आधी तो एसी बंद करा रे मुडद्यांनो!" म्हणून बोंबललो, तिला उचललं आणि बाहेर पळालो. रिक्षावाला भला. कुठे, का, काही न विचारता त्यानं रिक्षा सरकारी दवाखान्यात आणली.

तिथं सलाईन लागलं, इंजेक्शन झालं. दोन दिवस ती उं उं करत होती. नर्सबाईंनी जीव लावून केलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी दुपारी वरातीमागून घोडं आलं. शेठ, डॉक्टर, कमिटीच्या त्या बाई, आणि फोटोवाला. वीज गेली होती. वॉर्डात सगळे पुठ्ठ्यानं वारा घेत होते. बाईंनी पिशवीतून शाल काढली आणि घामानं निथळणाऱ्या माझ्या पोरीच्या खांद्यावर घातली. शेठनी मांडीवर नारळ ठेवला. "इकडे बघ, बेटा," फोटोवाला म्हणाला.

पोरीनं उशीखालून कागद काढला. "आधी मी वाचते. दोनच मिनिटं."

नाही कोण म्हणणार? शाल अंगावर तशीच ठेवून तिनं वाचलं. आवाज बारीक होता, पण शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"मला सिकलसेल आहे. माझ्या रक्तातली चूक दुरुस्त करावी की नाही, यावर तुम्ही वाद घालताय. घाला. मला विचाराल तर मला ती दुरुस्त करून हवीय. माझ्या आईला घरचं बियाणंही हवंय. आम्हाला दोन्ही हवं, त्यात भांडण्यासारखं काय आहे, मला कळत नाही. पण तोपर्यंत मला रोज एक गोळी घ्यायची असते. ती काही नवीन नाही, तिचा शोध लावायचा नाही, तिच्यावर कुणाचा वादही नाही. आमच्या गावच्या दवाखान्यात ती दोन महिने आलेली नाही. एवढी मोठी माणसं इथं जमली आहेत. ती कुठे अडकली, तुमच्यापैकी कुणी सांगाल का?"

डॉक्टर सलाईनची नळी सरळ करू लागले. गोळ्या आल्या नाहीत हे मला माहीत होतं. येतील आज-उद्या, म्हणत मीच दोन महिने काढले होते.

शेठ म्हणाले, "छान लिहिलंयस गं. हे त्या दिवशी बोलायला हवं होतंस."

फोटो निघाला. ते निघायला लागले तेव्हा मी पोरीच्या खांद्यावरून शाल काढली, नीट घडी घातली आणि शेठच्या हातात ठेवली.

"अरे, हे काय? सत्काराची आहे."

"पुढच्या सभेला न्या, शेठ," म्हटलं. "तिथं फार थंडी असते."