ओल्या खड्ड्याचा रिपोर्ट

माहेरी मला सगळे चौकशी खातं म्हणायचे. सून म्हणून सुरतेला आले तरी ती खोड काही गेली नाही. कुणी पाना फिरवताना दिसला की मी उभी राहणार, आणि हे का, ते का, असं त्याचं डोकं खाणार. आमचे हे मिलमध्ये फिटर होते. ते म्हणायचे, तुला मिलमध्ये लावलं असतं तर दोन दिवसांत मालक पळून गेला असता.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. भेस्तानला आमचं दोन खोल्या आणि पुढे ओटा असं घर होतं. त्या ओट्यावर सासूबाई मिरची कांडायच्या. सुरतेत राहणाऱ्या खानदेशी बायांना वर्षाचा मसाला दुसऱ्या कुणाच्या हातचा चालायचा नाही, त्या थेट लिंबायतहून गंज, म्हणजे सासूबाईंच्या बोलीत खूप, मिरच्या घेऊन आमच्याकडे यायच्या. पण कांडून कांडून सासूबाईंचे खांदे गेले होते. वेणी घालायला हात वर होईना. म्हणून ह्यांनी कामरेजकडून मसाला दळायचं एक जुनं मशीन आणलं. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, वर स्वतःची जुनी साडी पांघरली आणि शेजारणींना सांगून टाकलं की यंदाची मिरची मशीनवर.

मशीनला थ्री फेज कनेक्शन हवं होतं, आणि त्यासाठी वीज ऑफिसला टेस्ट रिपोर्ट. म्हणजे लायसनवाल्या ठेकेदाराच्या माणसाने घरातलं वायरिंग आणि अर्थिंग मोजायचं आणि हे सगळं सुरक्षित आहे असं लिहून द्यायचं. अर्थिंगसाठी ह्यांनी घरामागे खड्डा खणून त्यात लोखंडी पाइप पुरला होता, भोवती कोळसा आणि मीठ घातलं होतं. मशीनच्या लोखंडात करंट उतरलाच तर तो तारेने त्या खड्ड्यात जावा, मशीनला हात लावणाऱ्यात जाऊ नये, एवढ्यासाठी तो खटाटोप.

संक्रांतीच्या सुमाराला वायरमनकाका आले. गुजराती, वयस्कर, बोलायला गोड. हाताने फिरवायच्या दांड्याचा एक डबा त्यांच्याबरोबर होता. मी कामं टाकून मागे लागले. वायरिंग मोजताना काटा जितका लांब जाईल तितकं चांगलं, आणि खड्डा मोजताना आकडा जितका कमी तितकं चांगलं. हे उलटं का, ते त्यांनी मला दोनदा समजावलं. रिपोर्टच्या कागदावर ठेकेदाराची सही आधीच होती. मी म्हटलं, काका, सही आधी आणि मोजणी मागून? ते नुसते हसले.

खड्ड्यापाशी येऊन ते म्हणाले, "बेन, एक डोल पाणी आपो. मीठ नाखीने."

मी बादलीभर पाण्यात मीठ कालवून दिलं. त्यांनी ते खड्ड्यात ओतलं, चहा प्यायले, आणि मग दांडा फिरवला. आकडा छान आला. मी विचारलं, पाणी सुकल्यावर किती येईल? ते कागद भरत म्हणाले, "कागळ तो आजनो छे, बेन." कागद आजचा आहे. त्यावर मला आणखी शंभर प्रश्न पडले, पण ह्यांनी डोळे वटारले.

पुढचे काही दिवस मी भांड्यांचं पाणी त्या खड्ड्यात ओतून बघत होते, किती वेळात मुरतं ते. एके सकाळी सासूबाईंनी पकडलं. आमच्याकडे नळ तासभर यायचा, त्यात त्यांचं आयुष्य पाण्यासाठी पायपीट करण्यात गेलेलं.

"खड्डाले पानी कशाले पाजस? कागदवर शिक्का से ना?" म्हणाल्या.

मी बादली आत आणली.

मीटर काही येईना. हे ऑफिसला खेपा घालत राहिले. होळी झाली, पाडवा झाला, बाया मिरच्या वाळवायला लागल्या, आणि तेव्हा खिडकीतल्या माणसाने सांगितलं की रिपोर्टची मुदत संपली, नवा आणा. सासूबाईंचा जीव खालीवर. हा हंगाम गेला तर बाया दुसरीकडे जातील, आणि एकदा गेलेल्या परत यायच्या नाहीत.

काका पुन्हा आले. पुन्हा सही केलेला कागद, पुन्हा तोच डबा. एप्रिलचं ऊन, खड्ड्याच्या मातीला भेगा पडलेल्या. त्यांनी पाणी मागितलं आणि मी म्हटलं, "काका, आधी कोरडंच मोजा ना. मला बघायचंय."

खरं सांगते, माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं. बघायचं होतं, बस.

त्यांनी कंटाळून दांडा फिरवला. मी वाकून पाहिलं. संक्रांतीला होता त्याच्या कितीतरी पट आकडा. काकांनी मान हलवली आणि बादलीसाठी हात पुढे केला. तेवढ्यात सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. किती आला, म्हणाल्या. काका डबा पुसायला लागले. मग मीच सांगितलं, की असा खड्डा असला तर करंट जमिनीत नीट जात नाही, मशीनच्या लोखंडातच राहू शकतो. मागच्या खेपेला पाणी ओतून मोजलं होतं, म्हणून चांगला आला.

सासूबाईंनी वाकून खड्ड्याच्या भेगेत बोट घालून बघितलं. मग मला म्हणाल्या, "तुले तवयच माहीत व्हतं?"

"हो," मी म्हटलं.

त्या काकांना म्हणाल्या, कागद भरू नका. संध्याकाळी हे आल्यावर सांगितलं, खड्डा खोल खणायचा, ओल लागेपर्यंत. खणणं, भरणं, पुन्हा मोजणं, पुन्हा खिडकी, यात मे उलटला. बाया मिरच्या घेऊन दुसरीकडे गेल्या. काही जणींसाठी सासूबाई त्याच खांद्यांनी कांडायला बसल्या. मी मुसळ घ्यायला गेले तर दिलं नाही.

मला फार लाज वाटली. मीटर वेळेवर आलं असतं तर त्या सगळा उन्हाळा अनवाणी, ओल्या हातांनी त्या मशीनला टेकून बसल्या असत्या, आणि मी जवळ उभी राहून पट्टा कसा फिरतो ते बघत असते.

रागावल्या म्हणाव्या तर रागावल्याही नाहीत. एकदाच, मिरची चाळताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू इचारस गंज. पन सांगत नही."