सहीचा कोरा रकाना

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याशी अबोला धरून बसले होते. दोनच दिवसांपूर्वीची, गुरुवारची गोष्ट. ठाण्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे मी त्याची वेळ घेतली होती. सत्तरी उलटली, एकदा तपासून घे, एवढंच माझं म्हणणं. मी तासभर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले आणि हा डोंबिवलीहून आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, "राहिलं गं." का राहिलं, हे मी विचारलं नाही. तोंडाला येईल ते बोलले आणि फोन ठेवून दिला. शनिवारी सकाळी त्याच्या शेजाऱ्यांचा फोन आला... त्याला आता महिना होऊन गेला, तरी माझा राग काही उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण दादाविषयी गोड गोड लिहिलं तर ते खोटं होईल, आणि त्याला खोट्याची भारी चीड होती.

दादा कल्याणच्या रेल्वे शेडमध्ये डिझेल इंजिनांचा फिटर. उभी नोकरी तिथेच झाली. लग्न केलं नाही. आईने जंग जंग पछाडलं, पण याचा जीव सोळा सिलिंडरांत अडकलेला. मालगाडी घेऊन घाट चढणारं ते धूड आणि त्याच्या पोटातलं तेल, यांविषयी तो इतकं बोलायचा की मला शाळेत इतिहास शिकवताना मध्येच पिस्टन आठवायचे. इंजिनाच्या तेलात पाणी शिरलंय का, हे कसं ओळखतात ते त्याने एकदा माझ्या स्वयंपाकघरात करून दाखवलं. तवा तापवला, बाटलीतून आणलेल्या काळ्या तेलाचा थेंब त्यावर टाकला, तर तो मोहरीसारखा तडतडला. कुठेतरी आतून गळतंय, हे असंच बाहेर पाठवलं तर बेअरिंग जळणार, असं मला समजावून सांगितलं. माझा तवा कायमचा कामातून गेला, त्याचं त्याला काही नाही. "इंजिन न सांगता कधी बंद पडत नाही," हे त्याचं पालुपद. "आधी सांगतं. ऐकणारा हवा."

पण नुसतं ऐकून भागत नसे. शेडमध्ये एक वही असायची. जाणाऱ्या पाळीने इंजिनात जे खटकलं ते तिच्यात लिहायचं, येणाऱ्या पाळीने ते वाचून समोर सही करायची, मगच हत्यारांना हात लावायचा. तोंडी सांगितलेलं तिथे मोजत नसत. दादाच्या पुढच्या पाळीला सावंत असत. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, चहासुद्धा एकत्र घेत नसत. तरी एकदा दादाने 'तेल संशयास्पद' एवढे दोनच शब्द लिहून ठेवले, तर सावंतांनी सुटायला तयार असलेलं इंजिन अडवून धरलं. उघडून पाहिलं तेव्हा एका सिलिंडरच्या हेडला केसाएवढी चीर सापडली. हे सांगताना दादाचा आवाज बदलायचा. "मी लिहिलं, त्याने वाचलं. लोक म्हणतात इंजिन भरवशाचं आहे... भरवसा म्हणजे एवढंच गं." तेव्हा मला ते फार आवडलं होतं. आता आठवलं की संताप येतो.

दिवसकार्य आटोपल्यावर मी घर आवरायला गेले आणि जेवणाच्या टेबलावरची लांबट वही उघडली. दर रविवारी मी डबा घेऊन जायचे आणि जागा करायला ती वही बाजूला सरकवायचे. तो सोसायटीचा सेक्रेटरी, तेव्हा त्यातलंच काहीतरी असेल अशी माझी समजूत. आत दादाचं नेटकं अक्षर. तारीख, दोष, शेरा. 'जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर दम. पाच मिनिटांत पूर्ववत.' 'भाजी आणताना डावा हात जड. लक्ष ठेवणे.' चार महिने हेच चाललं होतं. शेवटची नोंद त्या गुरुवारची. 'छातीवर दाब, घाम. ठाण्याला जाणे रद्द.'

अरे, तोंड होतं ना तुला? फोनवर मी होते ना? तुझ्या घरात कुठली दुसरी पाळी येणार होती, दादा? लिहिलं म्हणजे सांगितलं, हे शेडमध्ये. घरात माणसाला हाक मारून सांगावं लागतं. एवढं बारीक टिपलंस आणि फोनवर मात्र 'राहिलं गं'... नुसतं 'दाब आहे' म्हणाला असतास तर मी रिक्षा करून आले असते, तुला उचलून नेलं असतं. आणि यातला अर्धा राग माझा माझ्यावरच आहे, हेही लिहून टाकते. वही त्याने लपवलेली नव्हती. ती टेबलाच्या मधोमध, पेनासकट असायची.

सावंत भेटायला आले तेव्हा मी ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून सगळी वाचली, घाई केली नाही. मग प्रत्येक पानाच्या कडेला आखलेल्या एका कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. मला तो समास वाटला होता.

"ताई, ही जागा वाचणाऱ्याच्या सहीची," ते म्हणाले. "त्याने तुमच्यासाठी सोडलेली."

त्या घरात माझ्याशिवाय दुसरं कोण येत होतं? मी पेन उचललं आणि पहिल्या नोंदीसमोर टेकवलं, तर सावंतांनी वहीवर हात ठेवला.

"आता नको. मागाहून केलेली सही आमच्यात खोटी धरतात."

वही मी ठाण्याला आणली आहे. जेवणाच्या टेबलावर, माझ्या नेहमीच्या जागेसमोर ठेवली आहे. तिथे ताट ठेवायचं तर ती सरकवावी लागेल. म्हणून हल्ली मी ताट मांडीवर घेऊन जेवते.